मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचतो, शब्द पोचत नाहीत. काय करावं?

मागचा_बाक

मी ज्या खोलीत शिकवते ती १२ मीटर लांब, ८ मीटर रुंद आणि साडेतीन मीटर उंच आहे. चारी भिंतींना गुळगुळीत गिलावा, वर काँक्रीटचा स्लॅब, खाली फरशी. उजेड भरपूर, खोली स्वच्छ, बघणाऱ्याला आवडावी अशी. वर्गात साधारण चाळीस मुलं असतात आणि मागच्या तीन रांगांमधून दर दोन मिनिटांनी "काय म्हणालात?" येतं.

सुरुवातीला वाटलं, माझाच आवाज बारीक आहे. मग माईक घेतला, समोरच्या भिंतीवर दोन स्पीकर लावले. आवाज मोठा झाला, पण शब्द आधीपेक्षा कमी कळायला लागले. आवाज वाढवून गोष्ट आणखी बिघडते, हे माझ्या डोक्यात बसेना.

म्हणून गेल्या आठवड्यात मुलांना साधं शुद्धलेखन घातलं. घात, घाट, घास, घाम, घाण. एकेक शब्द सुटा उच्चारायचा आणि त्यांनी लिहायचा. पुढच्या रांगेतल्या बहुतेकांचे पाचही बरोबर. मागच्या रांगेत 'घा' सगळ्यांचा बरोबर, पुढचं अक्षर मात्र अंदाजपंचे. एका मुलीने पाचही वेळा 'घाट' लिहिलं. ती हुशार आहे, लक्ष देऊन ऐकत होती, मी तिच्याकडे बघतच बोलत होते. वही हातात घेतली तेव्हा पोटात कालवलं. वर्षभर ही मुलगी असाच अंदाज बांधत बसली असणार.

मला यातलं काही कळत नाही. कुणी मुळापासून समजावून सांगेल का? नुसतं "अमुक पॅनेल लावा" नको, का लावायचं तेही हवं आहे.

खर्ज

आमच्या सरावाच्या खोलीत आम्ही अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे आणि इंचभर जाडीचा फोम भिंतीभर लावला होता. घुमणं थोडं कमी झालं. स्वस्तात होतं, करून बघा. पण खरं सांगायचं तर त्यानंतर खोलीत गायला मजा येईना. आवाज कोंडल्यासारखा येतो आणि खालचे सूर तरीही फुगतातच. असं का होतं ते आम्हालाही कळलेलं नाही.

शून्य_डेसिबल

मी इमारतींच्या ध्वनिरचनेचं काम करतो. मागचा_बाक, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या पाच 'घाट'मध्येच आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो. थोडं लांबेल.

बोलण्यातली ताकद स्वरांत असते आणि अर्थाचा मोठा वाटा व्यंजनांत. 'घा'मधला 'आ' जोरकस, लांब आणि खालच्या कंप्रतेचा, म्हणजे सेकंदाला कमी कंपनांचा असतो. शेवटचा त, ट किंवा स क्षणभराचा, नाजूक आणि वरच्या कंप्रतेचा. आता तुमच्या खोलीत 'आ' म्हटला की तो थांबतच नाही. गिलावा, काँक्रीट, फरशी यांच्यावर आपटलेल्या आवाजातला जेमतेम दोन-तीन टक्के भाग शोषला जातो, बाकीचा परत फिरतो. ध्वनी सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे तुमची ८ मीटरची रुंदी तो एका सेकंदात चाळीसहून जास्त वेळा ओलांडतो आणि दर धडकेला थोडाथोडाच झिजतो. त्या रेंगाळणाऱ्या 'आ'खाली पाठोपाठ आलेला 'स' गाडला जातो. मुलीला 'घा' ऐकू येतो, पुढचं अक्षर तिच्या कानापर्यंत सुटं होऊन येतच नाही.

या रेंगाळण्याला निनाद म्हणतात. प्रतिध्वनी वेगळा. मूळ आवाजानंतर साधारण ५० मिलिसेकंदांच्या आत परत आलेला बोलण्याचा आवाज कान मूळ आवाजातच मिसळून घेतो, उलट त्याने बोलणं भक्कम होतं. त्याहून उशिरा एखादी जोरकस लहर सुटी परत आली की ती दुसऱ्यांदा म्हटल्यासारखी ऐकू येते, तो प्रतिध्वनी. असंख्य लहरी इतक्या दाट येतात की एकही सुटी ओळखू येत नाही, तेव्हा निनाद.

निनाद मोजायचा कसा हे शोधलं वॉलेस सॅबाइन या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने, आणि त्याचीही अडचण तुमच्यासारखीच होती. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या फॉग कलासंग्रहालयाचं व्याख्यानगृह त्याच्याकडे सोपवलं गेलं. तिथे उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद ऐकू येत राहायचा. सॅबाइन रात्री शहर शांत झाल्यावर काम करायचा. जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायच्या, ५१२ हर्ट्झची (सेकंदाला ५१२ कंपनांची) ऑर्गनची नळी वाजवून बंद करायची आणि आवाज विरेपर्यंतचा वेळ मोजायचा. आणखी काही गाद्या आणायच्या, पुन्हा मोजायचं. सकाळी गाद्या परत जागेवर. हातात उपकरण म्हणजे स्वतःचे कान आणि वेळ नोंदणारं घड्याळ. यातून १८९८ मध्ये जे सूत्र निघालं ते आजही रोज वापरलं जातं:

निनादकाल = ०.१६१ × खोलीचं घनफळ ÷ एकूण शोषण

निनादकाल म्हणजे आवाज ६० डेसिबलने खाली यायला लागणारे सेकंद. डेसिबल हे आवाजाच्या पातळीचं माप, दर १० डेसिबलला ऊर्जा दहापट बदलते. शोषण चौरस मीटरमध्ये, आणि त्याची कल्पना फार सुंदर आहे: एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे शोषण १. गेलेला आवाज परत येत नाही. एखादी वस्तू त्या उघड्या खिडकीच्या तुलनेत किती शोषते, तो तिचा गुणांक. काँक्रीट ०.०२, जाड चुण्यांचा पडदा ०.५ च्या आसपास, चांगलं खनिज लोकरीचं (दगड वितळवून काढलेल्या तंतूंचं) पॅनेल ०.८ ते ०.९.

आता तुमची खोली. घनफळ ३३६ घनमीटर, त्याला ०.१६१ ने गुणलं की ५४. रिकाम्या खोलीचं शोषण, दारं-खिडक्या-बाकं धरून, १२ समजू. ५४ भागिले १२, म्हणजे साडेचार सेकंद. चाळीस मुलं बसली की प्रत्येकी साधारण ०.४५ धरून १८ वाढले, एकूण ३०. निनादकाल १.८ सेकंद. शिकवण्याच्या खोलीत तो ०.६ ते ०.८ च्या दरम्यान हवा. ०.७ साठी ७७ शोषण लागेल, म्हणजे ४७ कमी पडतंय. ०.८५ गुणांकाचं पॅनेल घेतलं तर ५५ चौरस मीटर. तुमचं छत ९६ चौरस मीटर आहे, त्यामुळे जागेचा प्रश्न नाही.

स्पीकरने बिघडलं कारण माईकने शब्दही वाढवला आणि त्याची शेपूटही तितकीच वाढवली. दोघांतला फरक होता तेवढाच राहिला. बोलणाऱ्यापासून ज्या अंतरावर थेट आवाज आणि घुमणारा आवाज सारखे होतात ते अंतर तुमच्या भरलेल्या खोलीत जेमतेम एक-सव्वा मीटर येतं. त्यापलीकडे सगळेजण मुख्यतः भिंतींचंच बोलणं ऐकताहेत. शिवाय तुम्ही जिथून बोलत नव्हता अशा जागांवरूनही स्पीकरने भिंती घुमवायला सुरुवात केली.

लावताना एक गोष्ट सांभाळा. तुम्ही उभ्या राहता त्याच्या वरचं आणि थोडं पुढचं छत कडकच राहू द्या. तिथून परावर्तित होणारा आवाज काही मिलिसेकंदांत मागे पोचतो आणि फुकटची मदत करतो. पॅनेल छताच्या मागच्या भागात आणि कडांना लावा. मागची भिंत मात्र नक्की झाका. तुमचा आवाज तिथे जाऊन परत येईपर्यंत वीसेक मीटर होतात, म्हणजे ५८ मिलिसेकंद, आणि पुढच्या रांगेला तो सुटा टोचतो. शिवाय दोन समोरासमोरच्या भिंतींच्या मध्ये उभं राहून एकच टाळी वाजवा. 'टर्रर्र' असा आवाज आला तर त्यांतल्या एका भिंतीवरही काहीतरी खडबडीत हवं. पुस्तकांनी भरलेलं उघडं कपाटसुद्धा चालतं.

शून्य_डेसिबल

खर्ज, तुमचं राहिलं. १००० हर्ट्झच्या लहरीची लांबी ३४ सेंटिमीटर, १०० हर्ट्झची जवळजवळ साडेतीन मीटर. सच्छिद्र वस्तू आवाज शोषते ती हवेच्या हालचालीला घासून, आणि ही हालचाल भिंतीला चिकटून शून्य असते. भिंतीपासून पाव लहर अंतरावर सगळ्यात जास्त. १०० हर्ट्झची पाव लहर म्हणजे ८६ सेंटिमीटर. इंचभर फोम तिथपर्यंत पोचणार कसा? त्याने वरचे, चमक देणारे सूर खाल्ले, खालचे तसेच ठेवले. म्हणून कोंडल्यासारखं वाटतं. अंड्यांचे ट्रे तर पातळ पुठ्ठा, वरच्या थोड्याशा पट्ट्यात काम करतात आणि आग लागली तर भडका उडतो. कृपा करून काढा.

त्यातून छोट्या खोलीचा स्वतःचा एक सूर असतो. भिंतींमधलं अंतर ४ मीटर असेल तर ४३ हर्ट्झला आणि त्याच्या पटींना आवाज उभा राहतो, कोपऱ्यात फुगतो, मध्ये गायब होतो. खोली चौकोनी ठोकळ्यासारखी, लांबी-रुंदी-उंची सारखी असेल तर हे सगळे सूर एकावर एक पडतात. कोपऱ्यांत जाड खनिज लोकर, मागे हातभर मोकळी जागा सोडून लावा. किंवा पातळ प्लायवूडची बंद पेटी, आत लोकर. ते प्लायवूड हलतं आणि खालच्या सुरांची ऊर्जा खातं.

खर्ज

फारच उलगडलं. आमची खोली ३ बाय ३ आणि उंचीही ३. आता कळलं एक विशिष्ट सूर लावला की सगळी खोली का गुरगुरते.

वरचा_मजला

माझा प्रश्न उलट दिशेचा. शेजारच्या घरातलं बोलणं आमच्या झोपायच्या खोलीत शब्दन्‌शब्द येतं. एका दुकानदाराने 'साउंडप्रूफ' म्हणून फोमची पॅनेल दिली, मधली सगळी भिंत मढवली, बरेच पैसे गेले. काडीचा फरक नाही. आणि वरून खुर्ची सरकली की डोक्यात घण पडल्यासारखं होतं ते वेगळंच. आईला रात्र-रात्र झोप नाही, आणि मला रोज तिच्या डोळ्यांकडे बघवत नाही.

शून्य_डेसिबल

या क्षेत्रात सगळ्यात जास्त पैसे याच गैरसमजात बुडतात, आणि मला त्याचा मनापासून राग येतो. शोषण आणि अटकाव ही दोन संपूर्ण वेगळी कामं आहेत. शोषक वस्तू सच्छिद्र आणि हलकी असते, तिच्यातून हवा जाते. जिथून हवा जाते तिथून आवाजही पलीकडे जातो. ती फक्त ज्या खोलीत लावली तिथलं घुमणं कमी करते. अटकावाला लागतं वजन आणि हवाबंदपणा.

वजनाचा नियम असा की भिंतीचं वजन दुप्पट केलं की अटकाव साधारण ५-६ डेसिबलने वाढतो. कानाला आवाज निम्मा वाटायला १० डेसिबल लागतात. म्हणजे नुसत्या जाडीच्या मागे लागलात तर घर संपेल, आवाज संपणार नाही. त्याऐवजी भिंत दोन सुट्या थरांची करतात: जुनी भिंत, मग मोकळी हवा, त्यात लोकर आणि पलीकडे जिप्समच्या दोन पाट्या, ज्या जुन्या भिंतीला कुठेही घट्ट टेकत नाहीत. लोकर इथे कामाची, कारण ती पोकळीत घुमणारा आवाज मारते.

पण त्याआधी फटी शोधा. समजा भिंत ५० डेसिबल अडवते. तिच्या क्षेत्रफळाचा शंभरावा भाग जरी उघडा असेल, तर त्या भिंतीचा अटकाव २० डेसिबलवर येतो, कारण एक टक्का ऊर्जा सरळ पलीकडे गेली आणि एक टक्का म्हणजे २० डेसिबल. मग बाकीचे नव्व्याण्णव टक्के दगडाचे असोत की सोन्याचे. रात्री त्यांच्याकडे दिवा आणि तुमच्याकडे अंधार असताना बघा, कुठे उजेडाची रेघ दिसते का. पाठीला पाठ लावून बसवलेल्या विजेच्या पेट्या उघडून बघा, दोन्ही बाजूंनी एकाच जागी भिंत खोदलेली असते. पाइप जिथे भिंत ओलांडतात तिथे गिलाव्यामागे पोकळ असतं. शब्दन्‌शब्द कळतोय याचा अर्थ वरची कंप्रता येतेय, आणि ती बहुतेक वेळा फटीतूनच येते. भिंतीतून आलेलं बोलणं नुसतं गुणगुणल्यासारखं वाटतं.

खुर्चीचं मात्र तुमच्या बाजूने फार थोडं करता येतं. तो हवेतून आलेला आवाज नाही, धक्का थेट स्लॅबमध्ये शिरतो आणि स्लॅबबरोबर भिंतीही बोलतात. उपाय उगमाशीच. खुर्च्यांच्या पायांना जाड नमदा, चालण्याच्या वाटेवर गालिचा. वरच्यांशी एकदा बोला. वर जाऊन बोलू नका, त्यांना आईच्या खोलीत बोलवा आणि कुणाला तरी वर खुर्ची सरकवायला सांगा. ऐकल्याशिवाय माणसाला हे पटत नाही.

घुमट

विजापूरच्या गोल घुमटातली कुजबुज सज्जाभर का फिरते, हा प्रश्न मला लहानपणापासून आहे. तिथे शोषण कमी आहे एवढंच कारण आहे का?

शून्य_डेसिबल

शोषण कमी हवंच, पण मुख्य कारण वक्राकार भिंत. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलच्या कुजबुज सज्जाचं कोडं लॉर्ड रॅले या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाने सोडवलं: भिंतीलगत केलेली कुजबुज आत पसरून जात नाही, अंतर्वक्र भिंतीला चिकटून पुढे सरकत राहते. म्हणून मध्यभागी उभ्या माणसाला ती ऐकू येत नाही आणि पलीकडे भिंतीला कान लावणाऱ्याला येते. सी. व्ही. रामन यांनीही अशा सज्जांवर प्रयोग केले होते.

हाच घुमट सभागृहावर बसवला की दुखणं होतो. लंडनचा रॉयल अल्बर्ट हॉल १८७१ मध्ये उघडला, आणि उद्घाटनाच्या भाषणापासूनच प्रतिध्वनीची तक्रार सुरू झाली. घुमट आवाज गोळा करून खाली फेकत होता. शेवटी १९६९ मध्ये छताखाली फायबरग्लासच्या मोठमोठ्या तबकड्या टांगल्या, लोक त्यांना मशरूम म्हणतात, तेव्हा तो बराचसा आटोक्यात आला. जवळजवळ शंभर वर्षं! उलट बॉस्टनचा सिंफनी हॉल, १९०० चा, सॅबाइनच्या सल्ल्याने बांधलेला. साधा लांबट पेटीसारखा, भरल्यावर निनादकाल १.९ सेकंदांच्या आसपास, आणि आजही जगातल्या सर्वोत्तम संगीतगृहांत गणला जातो. लक्षात घ्या, तुमच्या वर्गाला जो १.८ घातक तोच वाद्यवृंदाला हवाहवासा. चांगली खोली असं काही सुटं नसतं, कशासाठी चांगली ते आधी ठरवावं लागतं.

कानोसा

मी दोन्ही कानांना श्रवणयंत्र लावते. त्या मुलीबद्दल वाचून थांबले, म्हणून लिहिते.

लोकांना वाटतं यंत्र लावलं की ऐकू येतं. यंत्र आवाज मोठा करतं, पण ते माझ्याशी बोलणारा आणि भिंतीवरून परत आलेला आवाज यांत फारसा भेद करत नाही. घुमणाऱ्या खोलीत तासभर बसले की माझं डोकं पिळून निघतं, कारण अर्धे शब्द ओठांवरून आणि संदर्भावरून जुळवायचे असतात. दिवसाच्या शेवटी मला ऐकण्याचा थकवा येतो, कामाचा नाही. मागच्या रांगेतली मुलं 'लक्ष देत नाहीत' असं कुणी म्हणालं तर कृपया आधी खोली तपासा.

आणि पंखे बंद करूनही एकदा तो शब्दांचा खेळ करून बघाल का? निनाद एक झाला, पण मागचा घरघराट वेगळा. त्यात बोलणारा आपोआप आवाज चढवतो, मग शेजारचाही चढवतो.

शून्य_डेसिबल

कानोसा, हे तुम्ही लिहिलंत ते फार महत्त्वाचं. आवाज चढवण्याला लोंबार्ड परिणाम म्हणतात, एत्येन लोंबार्ड या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्ये नोंदवला. वर्गासाठी रिकाम्या खोलीतला घरघराट ३५ डेसिबलच्या आत आणि शिक्षकाचा आवाज त्याच्या किमान १५ डेसिबल वर हवा असं धरतात. पंखा आणि वातानुकूलन यंत्रणेपायीच हे गणित बहुतेक ठिकाणी फसतं.

मागचा_बाक, काम करण्याआधी मोजून ठेवा. शेवटच्या रांगेत फोन ठेवून पुढे फुगा फोडा आणि रेकॉर्ड करा. पूर्ण ६० डेसिबलची घसरण घरघराटात बुडते, म्हणून २० डेसिबल पडायला लागलेला वेळ घेऊन तीनने गुणा.

मागचा_बाक

अडीच महिन्यांनी परत येते आहे. सगळ्यांचे आभार कसे मानू ते कळत नाही.

आधीचं मोजमाप मुलं बसलेली असताना १.९ सेकंद आलं, म्हणजे हिशेबाच्या अगदी जवळ. छताच्या मागच्या भागात ४२ चौरस मीटर आणि मागच्या भिंतीवर १२ चौरस मीटर खनिज लोकरीची ५० मिलिमीटर जाड पॅनेल, कापडाने मढवलेली, मागे ५० मिलिमीटर पोकळी सोडून लावली. माझ्या डोक्यावरचं छत उघडंच ठेवलं. कारागीर सगळं छत सारखं दिसावं म्हणून तिथेही लावायला निघाला होता, त्याला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. आता ०.८ येतो. स्पीकर काढून टाकले.

पहिल्या दिवशी दार उघडलं आणि खोली आधीपेक्षा लहान वाटली. 'नमस्कार' म्हटलं आणि तो जिथल्या तिथे संपला. मला स्वतःचं बोलणं इतकं जवळून कधी ऐकू आलंच नव्हतं. संध्याकाळी घसा बसला नव्हता.

शुद्धलेखन पुन्हा घातलं, शब्द बदलून: बाक, बाग, बाप, बास, बाळ. त्या मुलीचे चार बरोबर. 'बाप'चा तिने 'बाक' केला, तोही मी खिडकीकडे तोंड करून म्हटला होता.

कानोसा म्हणाल्या तसं पंखे बंद करूनही केलं. बंद असताना मागची रांग आणखी सुधारते, म्हणजे पंख्यांचं अजून बघायचं आहे. आणि घुमणं गेल्यावर एक नवाच आवाज उघडा पडलाय. उजव्या भिंतीला कान लावला की बारीक 'हूंऽऽ' येतो, भिंतीपासून दूर गेलं की कमी होतो, खांबाजवळ पुन्हा वाढतो. भिंतीपलीकडे पाण्याचा पंप आहे. हा फटीतून येतोय की भिंतीतून?

शून्य_डेसिबल

१.९ वरून ०.८. वाचून खरंच आनंद झाला.

'हूं' आहे, 'सूं' नाही आणि खांबाजवळ वाढतो, त्यामुळे फट नसावी. पंपाचा हादरा पाया आणि पाइप यांतून इमारतीत शिरत असणार. पंप चालू असताना आधी भिंतीला, मग पाइप जिथे आवळलाय त्या पट्टीला आणि मग खांबाला हाताचा तळवा लावून बघा. सगळ्यात जास्त झिणझिण्या कुठे येतात ते सांगा. पट्टीला येत असतील तर रबरी अस्तराची पट्टी आणि पंपाजवळ हातभर लवचीक पाइप, एवढ्यावर भागू शकेल. खांबाला येत असतील तर पंपाखाली स्प्रिंग किंवा रबराचे टेकू लागतील, आणि त्यासाठी पंपाचं वजन व फेरे त्याच्यावरच्या माहितीच्या पाटीवर लिहिलेले असतील तेही कळवा.